महिन्याभरासाठी आलेली ताडपत्री

मी ताडपत्री बोलतेय. हो, तीच ती निळी, वादळ होऊन गेलं की घराघरावर दिसणारी. तुम्ही मला कुठेतरी पाहिलं असेल आणि चटकन नजर वळवली असेल, कारण मी असते तिथे काहीतरी मोडलेलं असतं. आता मोडलं वाऱ्यानं, मी बिचारी झाकायला आलेली, तरी वाईटपणा माझ्याच माथी! ते चालवून घेईन एक वेळ. पण मला कोणी 'तात्पुरती' म्हटलं की माझं डोकं फिरतं. हे आधीच सांगून ठेवते, म्हणजे पुढे गैरसमज नको.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यातला. प्लास्टिकचे पट्टे उभे-आडवे विणले, दोन्ही अंगांनी लेप चढवला, कडेकडेनं धातूच्या गोल कड्या ठोकल्या आणि घडी घालून पुड्यात कोंबलं. पुड्यावर छापलं होतं, महिनाभराच्या वापरासाठी. जन्मतःच कपाळावर मरणाची तारीख लिहिलेली दुसरी कुठली जात असेल तर मला सांगा. मी त्याच दिवशी मनाशी म्हटलं, बघू या.

जहाजातून मला समुद्रापलीकडच्या कॅरिआकू नावाच्या छोट्या बेटावर आणलं तेव्हा जुलैतलं वादळ होऊन गेलेलं होतं. अर्ध्या दिवसात त्यानं बेटाची डोकी उडवली होती. डोंगर पानांवाचून तपकिरी, घरं छपरांवाचून खोक्यांसारखी. धक्क्यावर माणसं रांगेत उभी होती. मला जिनं घेतलं ती होती इझ्मे.

इझ्मे शिवणकाम करते. शाळेचे गणवेश, चर्चचे झगे, लग्नाचं काय असेल ते. जन्मानं ती शेजारच्या सेंट व्हिन्सेंट बेटावरची. इथल्या विंडवर्ड गावात येऊन तिची निम्मी हयात गेली, तरी गाव अजून तिला 'व्हिन्सी बाई' म्हणतं. वादळात ती जेवणाच्या टेबलाखाली शिवणाच्या मशीनला मिठी मारून बसली होती. छप्पर गेलं, मशीन वाचलं. घर तिचं नव्हतं, भाड्याचं होतं, पण त्या घराखेरीज तिला या बेटावर जागा नव्हती.

मला घरावर चढवलं झेफकाकानं. झेफकाका होड्या बांधतो. त्याच्या हातात काहीही द्या, त्याला त्यात होडीच दिसते.

"किती टिकेल हो ही, काका?" इझ्मेनं खालून विचारलं.

"पुड्यावर लिहिलंय महिनाभर."

"आणि मग?"

"पुड्याला काय अक्कल आहे? मी हिला शीड म्हणून बांधतोय. शिडासारखी वागली तर टिकेल."

मला प्रथमच कोणी माणसात घेतल्यासारखं वाटलं. त्यानं भिंतींवर चार ओंडके टाकून आढं केलं, माझ्या प्रत्येक कडीतून दोर ओवला आणि अशा गाठी मारल्या की वाऱ्यानं ताणलं तर आवळतील, माणसानं ओढलं तर सुटतील. वारा फार चढला की इझ्मेनं बाहेर येऊन मला थोडं सैल करायचं, उतरला की पुन्हा ताणायचं. माझ्या उजव्या कोपऱ्याचा दोर अंगणातल्या एका खुंटाला गेला, आणि त्या खुंटाशेजारी मा रोझिनाचं थडगं होतं. इथे माणसं आपले मेलेले लांब नेऊन ठेवत नाहीत. अंगणात ठेवतात, येता-जाता बोलायला.

मा रोझिना म्हणजे घरमालकिणीची आई. घरमालकीण मिस व्हर्लिन लांब टोरोंटोला असते, तिथे शहराची बस चालवते. याच घरात जन्मलेली, तरुणपणी गेलेली. घराचं भाडं, डागडुजी, निरोप, सगळं तिचा मावसभाऊ गार्विन बघतो. गार्विनजवळ एक व्हॅन आहे आणि कानाला कायम फोन. इझ्मेजवळ व्हर्लिनचा नंबर नव्हता. "तिला भाडेकरूंनी फोन केलेला अजिबात आवडत नाही," असं गार्विननं सुरुवातीलाच सांगून ठेवलं होतं. आणि व्हर्लिनला त्यानं काय सांगितलं होतं, ते मला अंगणातल्या त्याच्या बोलण्यावरून कळायचं, कारण फोनवर बोलताना त्याला वाटायचं की वर कोणी नाही.

घराचा विमा होता. विमा कंपनीचा माणूस राजधानीच्या मोठ्या बेटावरून आला, भिंती मोजल्या, खालून माझाही फोटो काढला आणि गार्विनला नियम समजावला. थोडे पैसे आत्ता, काम सुरू करायला. बाकीचे छप्पर पुरं झाल्यावर, ते पुन्हा येऊन डोळ्यांनी पाहतील तेव्हा. आणि जूनमध्ये वादळांचा पुढचा हंगाम लागायच्या आत छप्पर दिसलं नाही, तर बाकीचे पैसेही नाहीत आणि पुढे विमाही नाही.

"विमा गेला तर मला ते घर ठेवणं झेपायचं नाही रे," व्हर्लिन फोनवर म्हणाली होती. गार्विननं फोन मोठ्या आवाजावर ठेवलेला असतो, त्यामुळे मला ऐकू आलं. "मग आईच्या थडग्यासकट विकावं लागेल, त्या नौकावाल्या परदेशी लोकांना. छपराचं तेवढं बघ."

"तू अगदी निश्चिंत राहा," गार्विन म्हणाला.

आणि ती निश्चिंत राहिली. लांबच्या माणसाला दुसरं काय करता येतं?

माझा महिना संपला. पुड्यानं सांगितलेला दिवस आला आणि गेला, मी जागची हलले नाही. पाऊस आला, तो मी खाली सोडला. ऊन आलं, त्यानं माझा निळा रंग चाटून फिका केला, तरी मी हलले नाही. डिसेंबरच्या वाऱ्यानं मला मधोमध फाडलं तेव्हा इझ्मेनं शिडी लावली, दाभण घेतलं आणि शाळेच्या गणवेशाच्या तपकिरी कापडाचं दुहेरी ठिगळ मला घातलं. त्या वर्षी गावात एका पोराची चड्डी जरा आखूड झाली असेल, त्याला माझा इलाज नाही.

ख्रिसमस गेला, कार्निव्हल गेला. वासे नाहीत, पत्रे नाहीत, सुताराचा पत्ता नाही. इझ्मे विचारायची तेव्हा गार्विन म्हणायचा, "लाकूड जहाजात आहे." पुढच्या वेळी म्हणायचा, "जहाज बंदरात आहे." त्या लाकडाचा प्रवास ऐकून मला वाटलं, ते आता पृथ्वीला दुसरी फेरी मारत असणार.

मग एका सकाळी वरच्या उतारावर काहीतरी चमकलं. हिरवे पत्रे, नवे कोरे. वासे सरळ, खिळ्यांच्या रांगा नीट. ते घर होतं गार्विनचं, जिथे त्याची म्हातारी आई ओडेसा राहते. त्या घराला विमा नव्हता हे सगळ्या गावाला माहीत होतं. गार्विन त्या पत्र्यांचे जवळून फोटो काढत होता. नुसते पत्रे, नुसते वासे. अख्खं घर एकाही फोटोत येऊ दिलं नाही त्यानं. संध्याकाळी आमच्या अंगणात उभं राहून त्यानं फोन लावला.

"पाठवलेत बघ. कसं वाटलं?"

"हिरवं घेतलंस!" व्हर्लिनच्या आवाजात पाणी होतं. "आईला हिरवंच हवं असायचं. देव तुझं भलं करो, गार्विन."

मी त्याच्या डोक्यावर होते आणि फडफडून फडफडून सांगत होते. पण वारा सुटलाय एवढंच त्याला वाटलं असणार. गावालाही ते पत्रे दिसत होतेच. पण इथली माणसं दुसऱ्याच्या घरात नाक खुपसत नाहीत, फार तर आपल्या ओट्यावर बसून तर्क करतात. गावाचा तर्क असा की व्हर्लिननं म्हाताऱ्या मावशीला आधी छप्पर घालून दिलं. ओटे आपले खूश.

राहता राहिली एकच अडचण, ती म्हणजे इझ्मे. माझ्याखाली राहून रोज "छप्पर कधी?" म्हणून विचारणारी. एप्रिलात गार्विन आला आणि दारातूनच म्हणाला, "महिनाअखेरीला घर रिकामं कर. व्हर्लिनचा निरोप आहे. विमा कंपनीला काम करायला रिकामं घर लागतं."

"आणि मी जाऊ कुठे?"

"तुझ्या बेटावर जा ना. तुझं काय अडलंय इथे?"

 तो गेल्यावर इझ्मे मशीनवर बसली, एक शिवण घातली, उसवली, पुन्हा घातली, पुन्हा उसवली. मग कपडे खोक्यात भरायला लागली. मला इतका संताप आला होता की काय सांगू. मी मूळची राहायला आलेली नव्हे, तरी राहिले. ही राहायला आलेली, आणि हिला घालवतात!

आता यापुढे जे घडलं ते या बेटाखेरीज दुसरीकडे घडलं असतं असं मला वाटत नाही. इथे मेलेली माणसं मुकी होत नाहीत. त्यांना भूक लागली, काही खुपलं, की ती आपल्या माणसाच्या स्वप्नात येतात आणि सरळ मागतात. मग त्या माणसानं साराका करायचा. म्हणजे अंगणात चुली मांडायच्या, गाव जेवू घालायचं आणि घरात पांढऱ्या कापडावर वाडवडिलांचं पान मांडून, मेणबत्ती लावून, त्यांना निवांत जेवू द्यायचं. त्यांच्या पानातलं अन्न बिनमिठाचं. हे मागणं कोणी टाळत नाही. बँकेचं टाळतील, पण हे नाही.

एका सकाळी झेफकाका फोन पुढे धरून जवळजवळ पळतच आला. "इझ्मे! टोरोंटोहून आहे. व्हर्लिन. तुझ्याशीच बोलायचंय म्हणते."

इझ्मेचा चेहरा उतरला. तिनं दोन्ही हातांत फोन धरला. पडद्यावर बसच्या गणवेशातली एक जाडजूड बाई होती, मागे बसगाड्यांची घरघर चाललेली.

"इझ्मे, तू अजून तिथेच आहेस ना? मला खरं सांग हं. माझी आई स्वप्नात आली. नखशिखान्त भिजलेली. केसांतून पाणी गळतंय. मी म्हटलं, मा, आत ये ना घरात. तर म्हणाली, व्हर्लिन, आत ये म्हणतेस, पण घराला डोकं कुठाय?"

  माझ्या उजव्या कोपऱ्यावरून निथळणारं पाणी बरोबर त्या थडग्यावर पडायचं. उतारच तसा होता. आत एकही जीव मी भिजू दिला नाही, पण बाहेर मा रोझिना भिजत होती खरी.

"गार्विननं फोटो पाठवलेत," व्हर्लिन सांगत होती. "पत्रे काय, वासे काय, सगळं दिसतंय. पण माझी आई आयुष्यात माझ्याशी खोटं बोलली नाही, ती मेल्यावर कशाला बोलेल? फोटो माझ्या आईला ओळखत नाही. तू सांग. छप्पर झालंय की नाही?"

 इझ्मेच्या मनात काय चाललं असेल ते मला कळत होतं. गार्विन व्हर्लिनच्या रक्ताचा, ही कोण? भाडेकरू, तीही परक्या बेटावरची. बोलली आणि दोघं बहीणभाऊ एक झाले, तर महिनाअखेरही मिळायची नाही. झेफकाका टोपी हातात घेऊन जमिनीकडे बघत होता.

इझ्मेनं वर माझ्याकडे पाहिलं. माझ्या ठिगळाकडे. मग म्हणाली, "मिस व्हर्लिन, मी तोंडानं काही बोलत नाही. तुमचे तुम्हीच बघा."

आणि तिनं फोन वर केला.

तो क्षण माझा! तिकडे टोरोंटोत त्या पडद्यावर दुसरं काही नव्हतं, या कडेपासून त्या कडेपर्यंत मीच होते. फिकी, फाटकी, ठिगळाची, पण ताणलेली. मी तेव्हा एक सुरकुती पडू दिली नाही अंगावर.

बसगाड्यांच्या घरघरीतून तिकडचा आवाज आला.

"हे निळं काय आहे?"

"ताडपत्री."

"कधीपासून?"

"वादळानंतरच्या आठवड्यापासून."

"अगं, ते फोटो बघून मी चर्चमध्ये सगळ्यांसमोर उभं राहून आभार मानले! आणि तू? गार्विन म्हणाला, नव्या छपराचा आवाज होतो, झोप लागत नाही, म्हणून तू जातेयस ना?"

"कुठलं छप्पर, मिस व्हर्लिन? तुम्हीच जा म्हणालात ना मला?"

"मी? मी तुझ्याशी आज पहिल्यांदा बोलतेय!"

झेफकाकानं घसा खाकरला. "मला वाटलं, तूच मावशीला दिलेस ते पत्रे."

"कुठले पत्रे, झेफ?"

त्यानं इझ्मेच्या हातातला फोन धरून उताराकडे वळवला. वर हिरवं छप्पर उन्हात चमकत होतं.

मला वाटलं आता ही बाई आकाशपाताळ एक करणार. शिव्या तिनं दिल्या, चांगल्या ठसठशीत दिल्या, बस चालवणाऱ्या बाईला शोभतील अशा. पण त्या संपल्यावर तिनं नाक पुसलं आणि शांतपणे म्हणाली, "गार्विन कुठाय?"

"मोठ्या बेटावर गेलाय. संध्याकाळच्या बोटीनं येईल," झेफकाका म्हणाला.

"बरं. त्याला कोणी काही बोलायचं नाही. इझ्मे, आईला भूक लागली आहे. आज पान मांड."

"छप्पर झाल्यावर मांडू या ना."

"छप्पर होईल तेव्हा होईल. आज मांड. त्याच निळ्याखाली."

"पण मी कशी मांडणार? मी तुमच्यातली नाही."

"माझी आई माझ्या स्वप्नात आली खरी, पण भिजत होती तुझ्या उशाशी. तिथे तूच आहेस, मी नाही. आणि हे बघ, ओडेसामावशीला बोलाव. सख्ख्या बहिणीशिवाय पान कसं होईल? झेफ, तिला तुझ्या गाडीतून आण."

लांब बसून घर कसं सांभाळावं, हे त्या बाईला इतक्या महिन्यांत त्या मिनिटाला सुचलं. वकील नाही, पोलीस नाही. फक्त म्हाताऱ्या मावशीला जेवायला बोलावलं.

दुपारपासून अंगणात चुली पेटल्या. बाया शिजलेल्या भाताचे गोळे वळायला बसल्या, मक्याच्या पिठाचा कुकू घोटला जाऊ लागला, कोंबड्या शिजल्या. इझ्मे धावत होती, सगळ्यांना विचारत होती, हे कसं करतात, ते कुठे ठेवतात. बाया शिकवत होत्या आणि चिडवतही होत्या.

"व्हिन्सी बाई, मीठ नको टाकूस हं त्यात. आमचे मेलेले तुमच्यासारखे खारट नाहीत!"

उन्हं कलताना ओडेसामावशी आली. गुडघ्यांनी धरलेली, पण पाठ ताठ. वादळानंतर ती उतार उतरून प्रथमच खाली येत होती. पान मांडायचं कापड तिनं स्वतःच्या घरून आणलं होतं, पांढरंशुभ्र, इस्तरीचं. खोलीत जाऊन तिनं ते टेबलावर पसरलं, हातानं सारखं केलं आणि कपाळाला आठी घातली.

"काय गं हे, कापडाला नीळ जास्त झाली की काय? घरी तर पांढरं होतं."

"नीळ नाही, मावशी," इझ्मे हळूच म्हणाली. "वर बघा."

म्हातारीनं मान वर केली. माझ्यातून गाळून आलेला निळा उजेड तिच्या चेहऱ्यावर पडला होता. तिनं मला पाहिलं, ठिगळ पाहिलं, ओंडके पाहिले. 

"गार्विन म्हणाला, व्हर्लिनचं घर झालं," ती म्हणाली. "उरले ते पत्रे तिनं मावशीला धाडले, म्हणाला. मी तिच्यासाठी रोज प्रार्थना करत होते."

इझ्मेनं तिला खुर्ची दिली. म्हातारी बसली नाही. आधी तिनं पान पुरं केलं. भात, कुकू, कोंबडी, पाण्याचा पेला, रमचा पेला. मग बाहेर थडग्याशी जाऊन पाणी शिंपडलं, रम शिंपडली आणि बहिणीला हाक मारली. "रोझिना, ये गं. घराला डोकं नाही, पण जेवण गरम आहे. ये."

मेणबत्ती लावून सगळे बाहेर आले आणि दार ओढून घेतलं. तेवढ्यात पाऊस आला! समुद्रावरून तिरपा, गारेसारखा टोचणारा. माणसं ओसरीत घुसली. इझ्मे दोर सैल करायला धावली. मी मात्र ठरवलं होतं. मा रोझिनाला इतके महिने भिजवलं ते भिजवलं, आता तिच्या पानात थेंब पडू देणार नाही. डाव्या अंगाची एक कडी तुटून उडाली. ठिगळाची शिवण करकरली. मी धरून राहिले. पाऊस थकला आणि गेला, आणि आत मेणबत्ती जळत होती. मेलेल्यांना जेवू घालायला मी छप्पर म्हणून चालले. पुड्यावर हे कोणी लिहिलं नव्हतं.

गार्विन बोटीवरून उतरून सरळ तिथेच आला. अंगणात गर्दी बघून हसू चेहऱ्यावर ठेवू की काढू असं त्याचं चाललं होतं.

"आई? तू इथे कशी?"

"जेवायला आले. तुझी मावशीही आलीय, आत बसलीय. जा, तिला तोंड दाखव."

गार्विन जागचा हलला नाही.

"आई, तू उघड्यावर होतीस. शेजाऱ्यांच्या ओसरीत झोपत होतीस. मला बघवत नव्हतं. व्हर्लिनला विमा आहे, ती कशीही उभी राहिली असती. आपल्याला कोण देणार होतं?"

"मागायचे होतेस."

"आणि तिनं नाही म्हटलं असतं तर?"

"तर मी हिच्याखाली राहिले असते!" म्हातारीनं काठी माझ्याकडे उगारली. "ही बाई राहिलीच ना? शिवण शिवली, भाडं दिलं, रोझिनाचं थडगं झाडलं. आणि हिनं बोलू नये म्हणून तू हिला बेटाबाहेर काढायला निघालास. पत्रे चोरलेस ते मी एक वेळ पोटात घातलं असतं, गार्विन. हे नाही घालणार."

 गार्विन वाईट मुलगा नव्हता, एवढं मी म्हणेन. पण चांगला मुलगा असणं आणि चांगला माणूस असणं यात त्याची गल्लत झाली होती.

सकाळी पानातलं अन्न मुलांनी रिवाजाप्रमाणे झोंबाझोंबी करून संपवलं. आणि वरच्या उतारावर ओडेसामावशीनं घरातली खुर्ची आंब्याखाली आणून मांडली आणि तीत बसली. "चोरीच्या पत्र्याखाली मी पाठ टेकणार नाही," तिनं जाहीर केलं. गार्विननं पाया पडून पाहिलं, रागावून पाहिलं, पाद्रीबाबांना आणलं. ती पाद्रीबाबांना म्हणाली, "बसा, खुर्ची आणायला सांगू?" अंधार पडला की ती शेजारी झोपायला जायची, उजाडलं की पुन्हा आंब्याखाली. गाव येता-जाता बघत होतं. शेवटी एका सकाळी गार्विन शिडी लावून स्वतःच्या छपरावर चढला आणि पहिला खिळा उपटला.

मग मात्र गाव धावलं. याला इथल्या बोलीत 'मरून' म्हणतात, सगळ्यांनी मिळून एकाचं काम उचलायचं आणि त्या घरानं जेवण घालायचं. झेफकाकानं होडीसाठी जपलेलं सीडरचं लाकूड आणलं. पत्रे उतारावरून खाली आले, ज्या घराचे होते त्या घरी. इझ्मे भात शिजवून दमली, आणि तिचं सामान खोक्यांतून बाहेर आलं.

मला खाली उतरवलं तेव्हा मी अंगणात ढीग होऊन पडले. कोणीतरी म्हणालं, "हिला आता बकऱ्यांच्या गोठ्यावर टाका." दुसरा म्हणाला, "जाळून टाका, किती घाण झालीय."

"बकऱ्यांवर? हिला?" इझ्मे कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "हात तर लावून बघा."

तिनं मला धुतलं, तुटलेल्या कडीच्या जागी दुहेरी शिवण घातली, घडी केली आणि डोक्यावर घेऊन स्वतः उतार चढली. ओडेसामावशीच्या घरावर भिंतींपलीकडे काही उरलं नव्हतं. गार्विन दारात उभा होता. तिनं मला त्याच्या हातांत दिलं. 

मे संपता संपता विमा कंपनीचा माणूस आला, या वेळी दुसराच. हिरवं छप्पर बघितलं, ठोकून बघितलं, मान डोलावली.

"मधल्या काळात भाडेकरू कुठे होत्या?"

"इथेच," इझ्मे म्हणाली.

"कशाखाली?"

तिनं उताराकडे बोट केलं. त्यानं डोळ्यांवर हात धरून माझ्याकडे पाहिलं. "पण ती तर महिनाभराची असते!"

"ते तिला कोणी सांगितलं नाही," इझ्मे म्हणाली. चुकलीस बाई, सांगितलं होतं. मी ऐकलं नाही.

विम्याचे उरलेले पैसे सुटले. विमा राहिला, घर राहिलं, इझ्मे राहिली. आता व्हर्लिन दर रविवारी चर्च सुटल्यावर तिलाच फोन करते. फोटो मागत नाही. म्हणते, "इझ्मे, फोन जरा वर धर," आणि छप्पर डोळे भरून बघते. एकदा फोनवर गार्विनही होता. ती त्याला एवढंच म्हणाली, "मावशीचे पत्रे पुढच्या जहाजानं येतायत, मी धाडलेत. तोवर वर जे आहे ते रोज नीट बघत जा." तो रोज बघतो. त्याला बघावंच लागतं, रात्री पाठ टेकली की डोळ्यांसमोर मीच असते.

तर अशी मी आता या उतारावर आहे. जून लागलाय. समुद्रावर ढग जमतात, विरतात, पुन्हा जमतात. माझा निळा रंग आता निळा म्हणायच्या लायकीचा उरलेला नाही, आणि अंगावर विणीपेक्षा ठिगळं जास्त झालीत. तुमच्याकडे कधी वादळ झालं, आणि कोणाच्या घरावर मी दिसले, तर नजर वळवू नका. खाली कोण राहतंय ते विचारा. महिनाभरानं पुन्हा या आणि पुन्हा विचारा.

काल वारा चढला. गार्विन शिडीवर उभा राहून माझा दोर आवळत होता आणि पुटपुटत होता, "थोडेच दिवस काढायचेत. तात्पुरती तर आहे ही."

खाली ओसरीत ओडेसामावशी कोकोचा चहा घेत बसली होती. तिनं वर पाहिलंसुद्धा नाही.

"आपण तरी कुठे कायमचे आलोय, गार्विन? गाठ नीट मार."